लग्नाचा वाढदिवस आहे, गाणं कुठलं लावू आणि मेसेज काय लिहू?

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, त्यामुळे लग्नाचे वाढदिवसही याच दोन महिन्यांत ढिगाने येतात. या वेळी आलेली बरीचशी पत्रं त्याबद्दलचीच होती म्हणून अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतेय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, फक्त गाव.

प्रश्न: ताई, आई-बाबांच्या लग्नाला मे २०२६ मध्ये ५० वर्षं होतायत. छोटा हॉल घेतलाय, साधारण ८० माणसं. भावाने गाण्यांची लिस्ट केलीये, त्यात शुक्रतारा मंद वारा, भातुकलीच्या खेळामधली, तोच चंद्रमा नभात, दिवस तुझे हे फुलायचे आणि ऐ मेरी जोहरा जबीं आहे. डीजेवाला म्हणतो शेवटी झिंगाट तर पाहिजेच. लिस्ट ठीक आहे ना? शिवाय मी आणि माझा नवरा एक गाणं स्वतः म्हणणार आहोत, त्याचंही जरा सांगा. (नाशिक)

उत्तर: सगळ्यात आधी भावाला सांगा की भातुकली आणि तोच चंद्रमा ही दोन गाणी आजच्या आज काढून टाक. मला माहितीये, दोन्ही चाली इतक्या गोड आहेत की कानाला वाटतं अरे वा, राजा-राणी आहेत, चंद्र आहे, अजून काय पाहिजे. पण शब्द ऐका ना. भातुकलीच्या पहिल्याच कडव्यापर्यंत जायची पण गरज नाही, ध्रुवपदातच डाव अर्ध्यावर मोडतो आणि कहाणी अधुरी राहते. ५० वर्षं डाव न मोडता खेळलेल्या दोन माणसांसमोर हे कसं लावायचं? आणि तोच चंद्रमा तर शांताबाई शेळक्यांनी लिहिलंय आणि बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी चाल लावून गायलंय, मला स्वतःला ते फार फार आवडतं, पण त्यात म्हटलंय काय, तर चंद्र तोच, रात्र तीच, मी तोच आणि तूही तीच, फक्त ते पूर्वीचं प्रेम आता उरलं नाही! एका सुवर्णमहोत्सवाला मी हे गाणं लागलेलं ऐकलंय. पुढच्या रांगेत बसलेल्या एका आजींना सगळं गाणं पाठ होतं, त्या ओठातल्या ओठात म्हणत होत्या आणि त्या ओळीपाशी येऊन एकदम थांबल्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते की गाणं लावायच्या आधी एकदा शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका, दहा गाणी ऐकायला पाऊण तास लागतो, तेवढा काढा.

शुक्रतारा डोळे झाकून ठेवा. पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि अरुण दाते-सुधा मल्होत्रा यांचे आवाज, यात कुठेही एक नकोसा शब्द नाही आणि तुमच्या आईबाबांच्या पिढीने हे रेडिओवर इतक्यांदा ऐकलंय की नुसतं सुरुवातीचं म्युझिक वाजलं तरी माना डोलायला लागतील. दिवस तुझे हे फुलायचे हेही पाडगावकरांचंच, चाल यशवंत देवांची, पण ते नुकत्याच प्रेमात पडण्याच्या वयाचं गाणं आहे, म्हणून ते केक कापताना लावू नका, तर आईबाबांचे जुने फोटो स्क्रीनवर दाखवणार असाल तेव्हा मागे हळू लावा, तिथे ते बरोबर बसेल. ऐ मेरी जोहरा जबीं १९६५ च्या वक्त सिनेमातलं, मन्ना डेंचा आवाज, आणि पडद्यावर बलराज साहनी भरल्या बैठकीत सगळ्यांसमोर आपल्या बायकोसाठी म्हणतात. नवी नवरी नाही हां, पोराबाळांची आई झालेली बायको. म्हणून ते अशा कार्यक्रमाला इतकं शोभतं. ते लागलं की बाबांना उभं करा, गाता येत नसलं तरी चालेल, आईकडे बघून नुसते ओठ हलवले तरी हॉल टाळ्यांनी भरून जाईल.

आता रिकाम्या झालेल्या दोन जागा. धुंदी कळ्यांना धुंदी फुलांना घ्या, धाकटी बहीण सिनेमातलं, खेबुडकरांचं गीत आणि बाबूजी-आशाबाईंचं द्वंद्वगीत, म्हणजे बाबूजी हवेच असतील तर तेही राहतात. हिंदीतलं हवं असेल तर १९७३ च्या अभिमानमधलं तेरे मेरे मिलन की ये रैना. त्या सिनेमात नवरा-बायको दुरावतात खरे पण या गाण्याला ते पुन्हा एका स्टेजवर येतात. आंधीमधलं तेरे बिना जिंदगी से मात्र नको, ते दूर झालेल्या नवराबायकोचं आहे, हेही लोक सर्रास लावतात.

पण खरं सांगू का, ही माझी लिस्ट झाली. तुम्ही आईला एकदा निवांत गाठा आणि विचारा की लग्न ठरलं तेव्हा घरात कुठली गाणी वाजायची. त्या काळी बऱ्याच मुलींकडे गाण्यांची वही असायची, रेडिओवर 'आपली आवड' हा गाण्यांचा कार्यक्रम लागला की पेन्सिल घेऊन बसायचं आणि ऐकता ऐकता ओळी उतरवायच्या, राहिलेली ओळ पुढच्या वेळी. सिनेमाच्या बाहेर काही पैशांत गाण्यांची पातळ पुस्तकं मिळायची ती पण जपून ठेवलेली असायची. आईची अशी वही माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली तर तुमचा अर्धा कार्यक्रम तिथेच तयार आहे. तिने ज्या गाण्यापुढे फुली किंवा फूल काढलंय ते पहिलं लावा.

तुम्ही दोघं गाणार असाल तर शुक्रताराच घ्या, एक कडवं तुम्ही, एक त्यांनी. फक्त मूळ गाण्याच्या पट्टीत गायचा हट्ट नको, कराओके ट्रॅक मूळ गायकांच्या पट्टीतच असतात आणि घरी गाणाऱ्यांचा आवाज वरच्या सुरांना चिरकतो. हल्ली फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ट्रॅकची पट्टी एक-दोन सूर खाली आणता येते, ती आठ दिवस आधी ठरवून टाका आणि त्याच पट्टीत रोज एकदा म्हणा.

झिंगाटला माझा अजिबात विरोध नाही, नातवंडांना नाचू दे की! पण आधी मोठ्या माणसांची जेवणं होऊ द्या. ८० माणसांत निम्मी सत्तरीच्या पुढची असणार, कित्येकांच्या कानाला मशीन असतं आणि मोठ्या स्पीकरचा त्यांना त्रास होतो, ती माणसं ५० वर्षांच्या गप्पा मारायला आलेली असतात, त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू आलं पाहिजे. आणि रात्री १० नंतर मोठ्याने स्पीकर लावायला कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा नाच साडेआठला सुरू करा, पावणेदहाला शेवटचं गाणं परत शुक्रतारा.

प्रश्न: मी मूळचा अकोल्याचा, नोकरी पुण्यात. लग्न मे २०१६ मध्ये झालं, म्हणजे यंदा १० वर्षं. दरवर्षी मी बायकोला इंटरनेटवरचा छानसा मेसेज आणि गुलाबाचा फोटो पाठवतो. यंदा तिने आधीच सांगून ठेवलंय की फॉरवर्ड नको. मला लिहिता येत नाही हो. मागचं वर्ष आमचं धावपळीचं गेलं, आई ११ दिवस हॉस्पिटलमध्ये होती, माझं ऑडिट चालू असल्याने रात्री तिथे हीच थांबायची, त्यामुळे सेलिब्रेशनचा विचारच झाला नाही. तरी चार-पाच चांगल्या ओळी लिहून द्याल का, तुझ्याविना अधुरा वगैरे टाइप. (पुणे)

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटलं की यांनी मेसेज तर लिहूनच पाठवलाय, फक्त चुकून मला पाठवलाय. ती ११ दिवसांची ओळ परत वाचा. तुमच्या आईसाठी, स्वतःच्या आईसाठी नाही, ती ११ रात्री हॉस्पिटलमधल्या त्या खुर्चीत बसून राहिली आणि तुम्ही ते ऑडिट आणि धावपळीच्या मध्ये एका वाक्यात लिहून पुढे गेलात. तिला तेच ऐकायचं असणार हो. तुझ्याविना अधुरा हे कुठल्याही नवऱ्याने कुठल्याही बायकोला पाठवलं तरी चालतं, म्हणूनच तिला ते नकोय.

मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं, बघा:

"मागच्या वर्षी आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा तू ११ रात्री तिथे काढल्यास. सकाळी मी यायचो, तू मला डबा आणि गोळ्यांचा कागद द्यायचीस आणि पोरांना शाळेत सोडायला निघून जायचीस. तेव्हा मी काहीच बोललो नाही. कामात होतो असं म्हणणार होतो, पण खरं म्हणजे काय बोलायचं ते सुचलं नाही. आज सांगतो, ते मी विसरलेलो नाही."

डबा, गोळ्या, शाळा हे मी अंदाजाने घातलंय, तिथे तुमच्या घरात जे खरं घडलं ते घाला. चुकीचा तपशील गेला तर तिला लगेच कळेल. आणि शेवटी हार्दिक शुभेच्छा लिहू नका बरं का, शुभेच्छा आपण शेजाऱ्यांना देतो, लग्न तर तुमचं दोघांचं आहे.

अजून एक. तुम्ही अकोल्याचे, घरात दोघं वऱ्हाडी बोलत असाल तर मेसेज पुस्तकी भाषेत कशाला? "तुह्या हातचा झुणका खाल्ला का मले घरी आल्यासारकं वाटते" हे एक वाक्य शंभर शेरांपेक्षा तिला जवळचं वाटेल. कोकणातले असाल तर मालवणीत लिहा, खानदेशातले असाल तर अहिराणीत लिहा, जी भाषा भांडताना तोंडात येते तीच प्रेमाची पण असते.

कागदावर लिहा, पेनने, अक्षर कसंही असू दे. ती सकाळी जे पहिलं उघडते तिथे ठेवा, चहाचा डबा, पर्स, काहीही. स्टेटसला टाकायचं असेल तर तिने वाचल्यावर आणि तिला विचारून. हे वाक्य तिचं आहे, तिच्याआधी तुमच्या ऑफिसने वाचायला नको.

गाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. सैराट २९ एप्रिल २०१६ ला आला, म्हणजे तुमचं लग्न त्याच्याच धामधुमीतलं, वरातीत झिंगाट नक्की वाजलं असणार! तेव्हा संध्याकाळी पोरं झोपल्यावर त्याच सिनेमातलं याड लागलं लावा, हळू आवाजात. किंवा मुंबई-पुणे-मुंबईमधलं कधी तू, २०१० चं आहे, म्हणजे तुमच्या लग्नाआधीच्या दिवसांतलं, आणि पुण्याशी तुमचा संबंध आहेच.

प्रश्न: भावा-वहिनीच्या ॲनिव्हर्सरीच्या रीलला तुझ्या गळा माझ्या गळा, गुंफू मोत्यांच्या माळा हे गाणं लावलं तर कसं? हार घालतानाचा व्हिडिओ आहे. (सातारा)

उत्तर: नको नको! ते भा. रा. तांब्यांचं बहीण-भावाचं गाणं आहे, पुढच्याच ओळींत ताई आणि दादा येतात. ते राखीपौर्णिमेला किंवा भाऊबीजेला तुमच्या आणि भावाच्या फोटोवर लावा, फार गोड दिसेल. हार घालतानाच्या व्हिडिओला जोगवामधलं जीव रंगला घ्या, हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. चाल संथ आहे त्यामुळे व्हिडिओ थोडा स्लो केलात तर छान जुळेल.

प्रश्न: माझे सासरे मागच्या श्रावणात गेले. येत्या महिन्यात त्यांच्या लग्नाचा वाढदिवस येतोय, ४१ वर्षं झाली असती. दरवर्षी आम्ही केक आणायचो, गाणी लावायचो. यंदा सासूबाईंशी त्या दिवशी काही बोलावं की न बोलावं? नवरा म्हणतो विषयच काढू नकोस, आई रडेल. (कोल्हापूर)

उत्तर: तुम्ही हे विचारलंत याबद्दल आधी तुम्हाला धन्यवाद म्हणते. मी माझ्याच घरचं सांगते, मग तुम्ही ठरवा.

माझे बाबा गेले त्यानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही तिन्ही भावंडांनी अगदी हेच ठरवलं होतं, त्या दिवशी कुणी आईला फोन करायचा नाही, उगाच तिला आठवण नको. जणू काही आम्ही फोन नाही केला म्हणून ती तारीख विसरणार होती. रात्री नऊच्या सुमारास तिनेच मला फोन केला, इकडचं तिकडचं बोलली, भाजी काय केलीस, पाऊस आहे का, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "आज कुणीच काही बोललं नाही गं." मला ते वाक्य अजून ऐकू येतं.

पुढच्या वर्षी मी सकाळीच तिच्याकडे गेले. तिने सांजा केला होता, बाबांना आवडायचा तसा, वेलची जास्त घालून. दुपारी तिने स्वतःच लग्नाचा अल्बम काढला, तो काळ्या जाड पानांचा, मधे मधे जाळीदार बटर पेपर असलेला, आणि एकेका फोटोवर बोट ठेवून कोण कोण ते सांगत बसली, त्यातली निम्मी माणसं मी कधी पाहिलेलीच नव्हती. मग म्हणाली तुमच्या त्या फोनवर ऐरणीच्या देवा लाव. बाबा आयुष्यभर एका कारखान्यात टर्नर होते, लोखंडाचंच काम, आणि ते गाणं लोहाराच्या बायकोचं आहे, ती ऐरणीलाच देव मानून प्रार्थना करते. १९६५ च्या साधी माणसंमधलं, शब्द खेबुडकरांचे आणि संगीतकार आनंदघन, म्हणजे खुद्द लताबाईच, त्यांनी त्या नावाने चाली दिल्या होत्या. आई रडली का, तर हो, थोडीशी. पण गुडघ्यावर बोटांनी ठेकाही धरला होता आणि गाणं संपल्यावर म्हणाली परत लाव.

तेव्हा तुम्ही बोला. हॅपी ॲनिव्हर्सरी म्हणू नका आणि शुभेच्छा हा शब्दही टाळा, केकही नको. सकाळी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि नुसतं म्हणा, "आई, आज तुमच्या लग्नाचा दिवस ना? सांगा ना त्या दिवसाचं." एवढंच. त्या नको म्हणाल्या तर थांबा, जवळ बसून राहा. बोलल्या तर मधे बोलू नका आणि जमलं तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, तुमच्या मुलांना पुढे कधीतरी आजी-आजोबांच्या लग्नाची गोष्ट आजीच्या आवाजात ऐकता येईल. गाणं त्यांनी सांगितलं तर त्यांच्या पसंतीचं लावा, आपण होऊन नको. आणि लांब राहणाऱ्या नातेवाइकांना सासूबाईंना मेसेज करायचाच असेल तर असा चालेल: "मावशी, आज काकांची खूप आठवण येतेय. तुमच्या घरी आलो की ते स्वतः उठून आम्हाला पाणी द्यायचे ते डोळ्यासमोर आलं. संध्याकाळी फोन करतो." आणि संध्याकाळी फोन खरंच करा.

तुमच्या यजमानांनाही सांगा, त्यांनाही वडिलांबद्दल बोलायचं असेल, त्यांनाच ते जड जात असेल.

प्रश्न: सासरी वाढदिवस तिथीने करतात आणि माहेरी तारखेने. आमचं लग्न अक्षय्य तृतीयेचं. दोन्हीकडून दोनदा फोन येतात, खरा कुठला धरायचा? (ठाणे)

उत्तर: दोन्ही धरा! चांद्र वर्ष आपल्या कॅलेंडरच्या वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं म्हणून तिथी दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. साधारण १९ वर्षांनी तारीख आणि तिथी जवळपास एकत्र येतात, तेव्हा १९ वा वाढदिवस दोन्ही घरांनी मिळून मोठा करा. तोवर तिथीला देवाला नैवेद्य आणि सासूबाईंच्या हातचं पुरण, तारखेला तुम्ही दोघं बाहेर.

प्रश्न: आमच्या साहेबांच्या लग्नाला २५ वर्षं झाली. ऑफिसच्या ग्रुपवर काय टाकू? फार गोड नको आणि कोरडंही नको. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: "सर, तुम्हाला आणि मॅडमना लग्नाच्या २५ व्या वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. मार्चअखेरीला आम्ही सगळे उशिरापर्यंत थांबलो होतो तेव्हा मॅडमनी पाठवलेली थालीपीठं अजून आठवतात." थालीपीठांच्या जागी तुमच्या ऑफिसातली आठवण टाका. अशी काही नसेल तर पहिलं वाक्य पुरे, उगाच चारोळी जोडू नका.

प्रश्न: दोघांनाही नाव घ्यायला लावणार आहेत, लग्नातलेच जुने उखाणे सगळ्यांना पाठ आहेत, नवीन द्या. (बेळगाव)

उत्तर: हे मी तुमच्यासाठीच केलेत, नावं तुमची घाला. तुमच्यासाठी:

पंचवीस वर्षं एकाच चुलीवर उकळला चहा,
अमुकरावांचं नाव घेते, साखर बरोबर आहे का पहा.

आणि त्यांच्यासाठी:

डब्यात माझ्या आठवणीने लोणच्याची फोड असते,
अमुक माझ्यावर रुसली तरी पाठ फिरवून हसते.

तुम्हाला किती वर्षं झाली ते पत्रात लिहायचं राहिलंय, त्याप्रमाणे आकडा बदला. यजमानांना त्यांचा उखाणा आदल्या रात्री दोनदा म्हणायला लावा, पुरुष हमखास दुसऱ्या ओळीत अडकतात आणि सगळे हसायला लागले की नाव राहूनच जातं.